हॅलोचं वावडं

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हिंगणघाटच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात शिरले, तेव्हा आत एकच गृहस्थ बसले होते. पाठ दाराकडे, तोंड कॉम्प्युटरकडे. मी दारातूनच "नमस्कार सर" म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही.

"...आणि म्हणून मी शेठले म्हटलं," ते म्हणाले, "का हा पंखा इथं लावण्यात मतलब नाई. अर्धी हवा तं भिंतच खाते."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं. म्हणजे हे पंख्याचं बोलणं माझ्याशीच चाललं होतं, आणि ते मी यायच्या बरंच आधी सुरू झालेलं होतं.

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हो काय? पंखा कुठी लावावा ते सांग न."

मी खिडकीकडे बोट केलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. भुवयांवर रुईची पांढरी पुंजकी चिकटलेली, खिशात तीन पेनं, आणि तिन्ही वाळलेली, हे नंतर कळलं. "बरोबर," ते म्हणाले. "बस." माझी मुलाखत, रुजू होणं आणि ओळख, सगळं त्यात आटोपलं.

सरांना नमस्कार चालत नसे. राम राम चालत नसे, शुभ सकाळ तर ऐकूनही घेत नसत. माणसाशी एकदा बोलणं सुरू झालं की ते आयुष्यभर सुरूच आहे, मधे फक्त कोणी जेवायला जातं, कोणी झोपायला जातं, असा त्यांचा साधा हिशोब होता. संध्याकाळी अर्धं राहिलेलं वाक्य ते सकाळी पुढे चालू करत. शनिवारी "पण त्यात एक गोची आहे" म्हणून निघून जात आणि सोमवारी खुर्चीत बसता बसता ती गोची सांगत. ऐकणाऱ्याने शनिवार लक्षात ठेवायचा. नवी माणसं गोंधळत. जुनी माणसं, म्हणजे मुख्यतः वजनकाट्यावरचे बबनभाऊ, घरी जाताना सरांचं शेवटचं वाक्य मनात घोळवत जात. "नाईतं उद्या मले काईच समजत नाई," ते म्हणत.

मला हा प्रकार आधी उद्धटपणा वाटला. मग एकदा गावातले एक म्हातारे दुकानदार वारले, त्यांच्या घरी आम्ही सगळे भेटायला गेलो. तिथे येणारा जाणारा "कसं झालं हो?" विचारत होता आणि थोरला मुलगा तेच तेच पुन्हा सांगत होता. सर आत गेले, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तं मंग ते लिंबाचं झाड तोडलं का ठेवलं?" मी सतरंजीकडे पाहू लागले. पण मुलगा सरळ होऊन बसला. "ठेवलं," तो म्हणाला, "बाबांनी तोडू नाई देल्लं." आणि झाडाबद्दल बोलता बोलता तो बाबांबद्दल बोलायला लागला, मोकळं मोकळं. बाजारात कधीतरी त्या मुलाशी अर्ध्यावर राहिलेलं ते बोलणं होतं म्हणे. आमच्यापैकी कोणालाच त्याला असं बोलतं करता आलं नसतं.

फोनशी त्यांचं वैर मात्र अवघड होतं. फोन उचलला की हॅलो म्हणावं लागतं, आणि हॅलोचं तर त्यांना वावडंच.

"हॅलो म्हणजे काय वं?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "त्याले माहीत आहे मी आहो. मले माहीत आहे तो आहे. मंग हॅलो कायले?"

त्यामुळे त्यांचा मोबाईल टेबलाच्या खणात पडून असे, बहुतेक वेळा मेलेलाच. त्यात जीव असला आणि तो वाजला, तर सर तो थांबेपर्यंत शांत बसून राहत आणि मग उठून ज्याचा फोन होता त्याच्याकडे चालत जात. शेठचा फोन असेल तर जिना चढून वर. काट्यावरून असेल तर अंगण ओलांडून. घरून असेल तर? घर जुन्या वस्तीत, नदीच्या बाजूला. तिथे ते संध्याकाळीच जात.

कॉम्प्युटर ते पन्नाशीत शिकले, स्वतःच, इंटरनेटवर पाहून. आधी ते कारखान्यात हिशोब लिहीत. पायथन नावाची भाषा शिकले आणि तिच्या प्रेमात पडले. तिला ते अजगर म्हणत. "थांब, आपल्या अजगराले विचारू," म्हणत आणि खरोखर कौतुकाने टाइप करत बसत.

याच अजगराकडून त्यांनी नंबराचं पान करून घेतलं होतं. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की आमच्या फाटकापासून हायवेपर्यंत ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीला टोकन. पूर्वी भोंग्यावरून नंबर पुकारत, आणि तो भोंगा इतका खरखरत असे की सतरा म्हटलेलं सत्तर ऐकू येई. सरांनी शेठच्या मागे लागून भोंगा उतरवला. त्याऐवजी त्यांनी ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर पायथनचा छोटासा सर्व्हर सुरू केला. गाडी काट्यावर चढली की तिचा नंबर वजनाबरोबर कॉम्प्युटरात नोंदला जाई. मोबाईलवर ते पान उघडलं की आता कोणता नंबर आत गेला ते दिसायचं, आणि पान उघडं ठेवलं की आकडा आपोआप बदलत राहायचा. गाडी रांगेत लावून माणसं हायवेपलीकडच्या टपरीवर तर्री-पोहे खात बसू शकत. लोकांना ते फार आवडलं. फाटकावर एक टीव्हीही लावला होता, त्यावरही तेच पान.

एकच तक्रार होती. रांग वाढली की पान मंद व्हायचं. आमच्या पत्र्याच्या शेडांमध्ये मोबाईलला रेंज आधीच कमी, त्यात आकडा यायला वेळ लागे. सर एक दिवस सर्व्हरच्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहत बसले. प्रत्येक ओळ म्हणजे कोणत्या तरी मोबाईलने विचारलेला नंबर. पाहता पाहता ते ताडकन उभे राहिले.

"अवं, हा तं दिवसभर नमस्कारच करून राह्यला!"

मला कळेना. त्यांनी समजावलं. मोबाईलने नंबर विचारायच्या आधी सर्व्हरशी जोडणी करावी लागते. तो म्हणतो, मी आलो. हा म्हणतो, या. तो म्हणतो, आलो बरं का. मग तो नंबर विचारतो, हा सांगतो, आणि सांगून झालं की दार लावून घेतो. थोड्या वेळाने तोच मोबाईल पुन्हा येतो. पुन्हा मी आलो, पुन्हा या, पुन्हा आलो बरं का. बोलणं एका आकड्याचं आणि त्याच्यापायी आगतस्वागत एवढं. आणि हे रांगेतल्या प्रत्येक मोबाईलचं, दिवसभर.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जन्मभर जे टाळलं ते त्यांच्याच अजगराने, त्यांच्याच टेबलाखाली बसून चालवलं होतं.

"एकदा आला का बसू द्या त्याले," ते म्हणाले. "दार कायले लावाचं? जोडणी चालूच ठेवाची. पाहिजे तवा त्यानं विचारावं, पाहिजे तवा यानं सांगावं."

आणि हे करणं सोपंही निघालं. पायथनचा हा साधा सर्व्हर मुळात जुन्या पद्धतीने बोलतो, एक पॉइंट शून्य. ते बदलून एक पॉइंट एक लिहायचं, की जोडणी उघडी राहते. एका ओळीतला एक आकडा. सरांनी आपल्या टेबलावर तसा करून पाहिला आणि मला म्हणाले, "लाव तुह्या मोबाईलवर."

मी लावलं. आकडा आला, पण वरचं गोल गोल फिरणारं चक्र थांबेना. नंबर दिसतोय आणि मोबाईल मात्र अजून कशाची तरी वाट पाहतोय.

सर दुपारभर त्यात अडकले. तर्रीत बुडालेले पोहे थंड झाले. बबनभाऊ दोनदा डोकावून गेले. शेवटी सरांना सापडलं, आणि सापडलं तेव्हा ते जरा खजीलच दिसले.

"आधी दार लागलं का मोबाईलले समजे, बोलणं संपलं," ते म्हणाले. "आता दारच लागत नाई. तं त्याले कसं समजावं? तो म्हणते, अजून बोलतीन, अजून बोलतीन. म्हणून आधीच सांगा लागते, का मी एवढंच बोलणार आहो. एवढी अक्षरं. त्याच्यावर एक नाई."

दारात उभे असलेले बबनभाऊ एवढे हसले की त्यांना चौकट धरावी लागली. "सर," ते म्हणाले, "हे तुमी कधी केलं असतं तं आमचं किती भलं झालं असतं!"

सरांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि लांबी सांगणारी ओळ लिहिली. चक्र थांबलं. माझ्या मोबाईलवर आकडे झरझर बदलू लागले. सरांनी सगळ्यांसाठी आलुबोंडे मागवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रांग चालू असतानाच, खरा सर्व्हर बंद करून हा नवा लावायला घेतला.

"सर, संध्याकाळी करू ना," मी म्हटलं. "आज रांग मोठी आहे. आभाळही आलं आहे."

"संध्याकाळी रांग नसते. मंग पाहू कोणाले?"

त्यांनी नवा सर्व्हर सुरू केला. पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या. सर समाधानाने मागे टेकले आणि शेडात गेले. मी बिलांच्या कामाला लागले. बाहेर आभाळ आणखी काळं होत होतं. हिवाळ्यातलं अवकाळी आभाळ, कापूस उघड्यावर असताना कोणालाच नको असलेलं.

दुपारच्या सुमाराला ऑफिसात एक बाई आल्या. मागे त्यांची जाऊ. दोघी गिरडच्या पलीकडच्या एका लहानशा वस्तीतून आल्या होत्या, दोघींनी मिळून एक ट्रॅक्टर केला होता. दारातून येताना आपसात त्यांच्या भाषेत काहीतरी तावातावाने चाललं होतं. आत येताच पुढच्या बाई आमच्या भाषेत म्हणाल्या, "हा नंबरवाला कोण आहे?"

सर नुकतेच शेडातून येऊन बसले होते. सवयीने म्हणाले, "...आणि म्हणून एकदा लांबी सांगतली का काम झालं."

"कोणाची लांबी?" बाईंनी विचारलं.

त्यांनी मोबाईल टेबलावर आपटलाच. "हे पाहा. सत्तावीस. सकाळपासून सत्तावीस. माह्यावाला एकोणतीस. आमी तिकडं च्या पेऊन राह्यलो, का येईन आता नंबर. अन् तुमचा काटेवाला तिकडं बेचाळीसवाला आत घेऊन राह्यला. मंग हे सत्तावीस काय तुमच्या पोरीचं वय आहे?"

सरांनी मोबाईल पाहिला. मी माझा पाहिला. सत्तावीस. खिडकीतून फाटकावरचा टीव्ही दिसत होता. सत्तावीस. बबनभाऊ काट्यावर समोर जो उभा दिसेल त्याला आत घेत होते. नंबर दाखवायचं काम पानाचं, असं सरांनीच त्यांना बजावलेलं.

सर सर्व्हरच्या पडद्याकडे गेले. ओळी सरकत होत्या, पण सगळ्या ओळी एकाच मोबाईलच्या होत्या. एकच मोबाईल विचारत होता, सर्व्हर त्यालाच सांगत होता, पुन्हा तोच विचारत होता. बाकीचे सगळे बाहेर ताटकळत होते.

"अरे बाप्पा," सर खुर्चीत बसले. "हा साधा सर्व्हर म्हणजे एकटा माणूस आहे. याच्यासमोर खुर्ची एकच. आधी हा प्रत्येकाले उठवून दार लावे, म्हणून दुसऱ्याचा नंबर लागे. आता आपण म्हटलं, उठवू नको. तं पहिला जो येऊन बसला तो उठूनच नाई राह्यला." काल आम्ही फक्त माझ्या एका मोबाईलवर पाहिलं होतं. एका मोबाईलला एक खुर्ची पुरते.

"मंग उठवा न त्याले," बाई म्हणाल्या.

सरांनी त्या ओळींतला पत्ता वाचला आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. ते आकडे त्यांना पाठ होते. घरचं इंटरनेट त्यांनी स्वतः बसवलं होतं.

"कोण आहे सर?" मी विचारलं.

"आमच्या घरचे," सर म्हणाले. म्हणजे सरांची बायको, आमच्या काकू.

मी वेळ घालवला नाही. जुना सर्व्हर पुन्हा सुरू केला. क्षणभरात फाटकावरच्या टीव्हीवर बेचाळीस झळकलं आणि टपरीवरून एकदम आरडाओरडा ऐकू आला. कॉम्प्युटरचं काम तिथे संपलं. बाईंचं संपलं नव्हतं. त्यांची ट्रॉली फाटकाबाहेर कडेला उभी होती, रांग तिला ओलांडून पुढे गेली होती, आणि पत्र्यावर पहिला टपटप आवाज आला.

आम्ही धावलो. बाई आणि त्यांची जाऊ ट्रॉलीवर चढून ताडपत्री ओढत होत्या. ताडपत्री तोकडी होती. शेडात शिरलेल्या गाड्या पावसातून सुटल्या, बाहेरच्या सगळ्या पुढे रेटत होत्या. बबनभाऊ हात उडवून म्हणाले, "सर, मी हिले मधात घेतलं तं हे लोक मले फाडून खातीन."

मग सरांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरपाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार."

बबनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"नमस्कार," सर ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते. "मी इथला कॉम्प्युटरवाला. तो नंबर मी बिघडवला. या बाईंचा नंबर तुमच्या आधी होता. त्यायले जाऊ देता का?"

"अन् माहा कापूस भिजू देऊ का?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

सर मागच्या गाडीकडे गेले. नमस्कार. मी इथला कॉम्प्युटरवाला. मग तिच्याही मागच्या. चष्म्यावर थेंब, भुवयांवरची रुई ओली होऊन चिकटलेली. प्रत्येकाला नव्याने नमस्कार, प्रत्येकाला नव्याने स्वतःची ओळख, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी हकीकत. कोणी ऐकून घेतलं, कोणी शिव्या दिल्या, जागा कोणीच दिली नाही. आणि देणार तरी कशी? कापूस तर सगळ्यांचाच होता. अल्लीपूरचा एक म्हातारा तेवढा म्हणाला, "भाऊ, तुमचं बराबर आहे. पण तिले आत घेतलं तं मी बाहेर राह्यतो. तुमी जागा पैदा करा न." सर त्याच्यासमोर थबकले. मग ते शेडाकडे वळून पाहू लागले, आणि मलाही दिसलं ते काय पाहतायत. शेडाच्या अगदी आत, सर्वांत कोरड्या कोपऱ्यात, शेठची नवी काळी गाडी उभी होती.

सर जिना चढून वर गेले. मी मागोमाग. शेठ टेबलाशी बसून कोणाला तरी कापसाच्या गाठींचा भाव सांगत होते. सरांनी दारात उभं राहून हात जोडले.

"नमस्कार शेठ."

शेठच्या हातून फोन सुटायचा बाकी राहिला. ते उभेच राहिले. "काय झालं? नोकरी सोडून राह्यले का?"

"नाई."

"मंग घरी सगळं ठीक आहे न? कोणी गेलं का?"

"नाई शेठ. गाडीची चाबी पाहिजे."

इतकी वर्षं ज्या माणसाने कधी नमस्कार केला नव्हता त्याने केला म्हणजे काहीतरी भयंकर आहे, या धसक्यात शेठनी चाबी काढून दिली. कशाला हवी, हे त्यांनी आम्ही जिना उतरल्यावर विचारलं. वरून ओरडून.

बबनभाऊंनी गाडी बाहेर काढली. बाईंची ट्रॉली त्या कोपऱ्यात बरोबर मावली, आणि तिच्या बाजूला अल्लीपूरच्या म्हाताऱ्याची बैलगाडीही तिरपी करून बसली. मग पाऊस कोसळला. शेठची काळी गाडी अंगणात उभी राहून भिजली, आणि शेडातून उडणारी सगळी रुई तिच्यावर येऊन बसली. थोड्या वेळाने ती गाडी कमी आणि कापसाची गंजी जास्त दिसत होती. शेठ वरच्या गॅलरीत उभे राहून तिच्याकडे पाहत होते. सरांना बोलले ते नंतर, दार लावून.

कापूस पाहणाऱ्याने बाईंच्या ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला. वरचा थर जरा दमट होता, आतला कोरडा. वजन झालं. जाताना बाई ऑफिसच्या दारात थांबल्या.

"पुढच्या टायमाले काही नवीन शोधून काढलं, भाऊ," त्या म्हणाल्या, "तं आधी आपल्या घरी करून पाह्यजो."

"घरीच तं झालं," सर म्हणाले.

संध्याकाळी सर मला सोबत चल म्हणाले. मला वाटतं, एकट्याने घरी जायची त्यांची हिंमत होत नव्हती. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होताच. सरांनी विचारलं, हे पान सकाळपासून काऊन उघडून ठेवलं होतं?

"रोजच ठेवतो," काकू म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "काऊन? काही बिघडलं का?"

"तुले त्या नंबरातलं काय समजते?"

"नंबरातलं मले काईच समजत नाई," काकू म्हणाल्या. "नंबर हलून राह्यला का समजते, कारखाना सुरू आहे. मागच्या साली गंजीले आग लागलती तवा अख्ख्या गावाले माहीत होतं. मीच ओट्यावर उभी होती धूर पाहत. किती फोन लावले तुमाले. तुमी काही उचलला नाई."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून ठेवला. आगीच्या दिवशी सर वाळूच्या बादल्या वाहत होते आणि मोबाईल खणात वाजत होता, हे मला बबनभाऊंनी सांगितलेलं होतं. वाजून वाजून तो मेला, असंही ते म्हणाले होते. सरांनी चप्पल काढली होती ती पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "च्या ठेव. हिलेही ठेव."

पुढच्या आठवड्यात सरांनी सर्व्हर नीट केला. प्रत्येक येणाऱ्यासाठी वेगळी खुर्ची. पायथनमध्ये त्याचीही तयार सोय आहे, फक्त माहीत असावी लागते. आणि बसून राहून बराच वेळ काही विचारलंच नाही, तर नम्रपणे उठवून देण्याची एक ओळ. यावेळी आम्ही कारखान्यातल्या सगळ्यांचे मोबाईल गोळा करून एकदम लावून पाहिले. चाललं. रांगेतल्या लोकांना फरक जाणवला, पान आता खरंच भरभर बदलू लागलं. शेठनी मात्र भोंगाही परत वर चढवला. पान बंद पडलं तर असावा म्हणून.

पण काकूंचा मोबाईल जुना होता. त्या दिवशी आभाळ पाहून त्यांनी तो हातातून खाली ठेवलाच नव्हता, पण एरवी पडदा विझला की त्याचं विचारणं थांबे, आणि सर्व्हर त्यालाही नियमाप्रमाणे उठवून देई. काकू हातातलं काम सोडून येत तेव्हा पान थिजलेलं असे. सरांना हे कळलं. तो नियम घरच्या मोबाईलसाठी काढून टाकता आला असता, मी तसं सुचवलंही.

"नाई," सर म्हणाले. "नियम सगळ्यायले सारखा."

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला त्यांनी दोनदा खण उघडून लावला. मोबाईल खणात मेलेला होता. शेवटी त्यांनी ऑफिसचा फोन ओढून घेतला. नंबर फिरवला. बबनभाऊ डबा उघडत होते, त्यांनी झाकण तसंच हातात धरून ठेवलं.

सरांनी घसा साफ केला. "ह्यालो," ते म्हणाले. शब्द पहिल्यांदाच तोंडात येत असावा तसा तो अडखळत बाहेर पडला. "मी बोलून राह्यलो."

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "कोण मी?"

"अवं, मी."

"राँग नंबर," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सर रिसीव्हरकडे पाहत राहिले. मी बिलं चाळू लागले. बबनभाऊ डब्यात पाहू लागले. हसायचं नाही असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं होतं आणि ते फार जड जात होतं.

सरांनी पुन्हा नंबर फिरवला. या वेळी त्यांनी हॅलो म्हटल्याबरोबर स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग काकू बोलू लागल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण पुष्कळ बोलल्या. सर "हो" म्हणत होते, "नाई" म्हणत होते, एकदा "कारखाना सुरू आहे" म्हणाले, एकदा "जेवलो नाई अजून" म्हणाले. मग "बरं, आणतो" म्हणून त्यांनी फोन हळूच ठेवला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले,

"वांगे केलेत म्हणे. अन् कोथिंबीर संपली."